डाव्या बाजूचा आवाज

मोबाइलवर गाणी ऐकणं म्हणजे मला नेहमी दाराच्या फटीतून लग्न बघितल्यासारखं वाटतं. शिकायला वसतिगृहात होते तेव्हा आमच्या रेक्टरबाईंच्या खोलीत दोन मोठे लाकडी स्पीकर होते. रविवारी सकाळी त्या दार उघडं टाकून गाणी लावायच्या आणि मी जिन्यात बसून ऐकायचे. डग्ग्यावर थाप पडली की ती आधी छातीत कळायची, मग कानात. तसे स्पीकर आपल्या घरात असावेत ही हौस तेव्हापासूनची. नोकरी, लग्न, महाडातलं घर यांत ती मागे पडत गेली.

शेवटी ते मिळाले पोलादपुरात. तिथे नवऱ्याच्या ओळखीचा एक दुकानदार आहे. मिक्सर, पंखे, टीव्ही दुरुस्त करतो आणि जुना मालही विकतो. मुंबईहून कायमचं गावी परतलेल्या एका कुटुंबाने आपला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर त्याच्याकडे विकायला ठेवले होते. स्पीकर गुडघ्याएवढे उंच, लाकडी, मागच्या बाजूला मुठीएवढं गोल भोक. मी आधी वाकून त्या भोकाचा वास घेतला. दुकानदार हसला.

"पुरातला माल नाय ताई. मी असले धंदे करत नाय."

तो हसला, पण त्याला आश्चर्य वाटलं नाही. महाडचा माणूस जुनी वस्तू घेताना आधी वास घेतो, मग स्क्रूच्या खाचेत नख घालून गाळ लागतो का बघतो. पुरानंतर रस्त्याच्या कडेला उन्हात मांडलेले टीव्ही, फ्रिज, शिलाई मशिनं आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्यातलं बरंच पुढे कुठे कुठे गेलं, कुणाच्या घरात जाऊन बसलं, ते कुणी सांगत नाही. मला वास आला नाही, गाळ सापडला नाही. तरी मनात एक बारीक शंका ठेवूनच मी ते स्पीकर घरी आणले.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, गावाबाहेर, हायवेच्या बाजूला. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत राहायच्या. दरडी कोसळल्या त्या पावसाळ्यात वाडीच्या एका कडेवरून डोंगर उतरला. तिथलं आमचं घर वाचलं, गोठा आणि खालची शेतं गेली, शेजारचं एक घर गेलं. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या. स्पीकर आणले तेव्हा त्या मुलीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, तिच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. ते दिवस फार चांगले गेले. कंपनीतून आलं की मी हॉलमध्ये जमिनीवर बसायचे, गाणं लावायचे आणि डग्गा छातीत वाजायचा.

सासूबाई परत आल्या. त्यांची बसायची जागा हॉलमध्ये खिडकीखाली, डाव्या स्पीकरच्या शेजारी. तिथे पाय पसरून त्या गोधडी शिवतात. स्पीकर बघून त्या एवढंच म्हणाल्या, "केवढी धुडं आणलीस गो." मी हसले.

त्यानंतर एका रविवारी मी नेहमीचं गाणं लावलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाणाऱ्याचा आवाज होता, पेटी होती, पण डावीकडून येणाऱ्या आवाजात पोटच नव्हतं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी गावं तसा. उजवा स्पीकर मात्र भरलेला.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. तिथे शिकवलं जातं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. मी आधी मोबाइल बदलला, नवऱ्याचा घेतला. तेच. ब्लूटूथ बंद करून वायरने जोडलं. तेच. वायरींची टोकं सोलून पुन्हा बसवली, पिना स्पिरिटने पुसल्या. तेच. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला असता तर दोष उजवीकडे गेला असता. तो गेला नाही. डावा डबा डावीकडेच पोकळ वाजत राहिला.

"डब्यातच खोट आहे," मी नवऱ्याला म्हटलं. "पुराचं पाणी आतल्या कागदाला लागलेलं असणार. वरून पुसून, वाळवून विकलं. आता हळूहळू फुगतंय."

"मला तर दोन्ही सारखेच वाटतात," तो म्हणाला.

"तुला सगळंच सारखं वाटतं."

सासूबाई सुई ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जुनी वस्तू हाय. असंच वाजायचं."

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, घेऊन या, बघू. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी रिक्षा ठरवली. आंघोळ करून बाहेर येते तो सासूबाई स्पीकरच्या मागे बसून ओल्या फडक्याने ते पुसत होत्या. कधी नव्हे ते. "घाण कशाला न्यायची परक्याच्या दारात," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. सासूबाईंना या धुडांबद्दल काही का होईना वाटतंय, असं मनात आलं.

पोलादपूरच्या दुकानात त्याने दोन्ही स्पीकर टेबलावर मांडले आणि आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले. गाणं लावलं. डावा स्पीकर असा वाजला की दुकानाच्या दारात थांबलेल्या दोन बाया आत डोकावल्या. डग्गा, तंबोरा, सगळं जागच्या जागी. मी स्पीकरच्या मागे उभी होते आणि माझ्या ओढणीचं टोक त्या गोल भोकातून येणाऱ्या वाऱ्याने थापेगणिक हलत होतं.

"काय झालंय ह्याला?" दुकानदाराने विचारलं.

"घरी असा वाजत नाही."

"मग घर बिघडलंय म्हणा."

"तुम्ही काही केलंत का आता? जोडताना?"

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. "तुमच्या डोळ्यांसमोर जोडला. चहा सांगितला तर तोसुद्धा नको म्हणालात. नजर काढलीत काय माझ्या हातावरून?"

खरं होतं. मी नजर काढली नव्हती. पण म्हणूनच मला जास्त संशय आला. बिघडलेली वस्तू नेमकी विकणाऱ्याच्या टेबलावर कशी सुधारते? आणि त्याचाही चेहरा बदलला होता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "ताई, दुसरीकडं काय बघितलंत काय? परत करायचा असंल तर सरळ बोला. माल खराब हाय म्हणून नाव नका घालवू माजं."

आम्ही दोघंही एकमेकांकडे चोर असल्यासारखे बघत होतो. मी स्पीकर उचलून रिक्षात ठेवले आणि परत आले. वाटेत मला सारखं वाटत होतं की त्याने टेबलाखाली एखादं बटण दाबलं असेल, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर मुद्दाम जोरकस असेल. घरी आल्या आल्या जोडून पाहिलं. उत्तम वाजले. सासूबाई आत स्वयंपाकघरात होत्या आणि त्या बाहेर आल्या नाहीत.

आठवडा गेला असेल. मी गाणं लावलं आणि आता दोन्ही स्पीकर पोकळ वाजत होते.

त्यानंतर माझं डोकं कुठे कुठे गेलं ते सांगायलाही बरं वाटत नाही. विजेचा दाब कमी येतो म्हणून मी घरातले सगळे पंखे बंद करून बघितलं. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मागे ढकलले, तोंडं वळवली. जागेने आवाजात थोडा फरक पडतो, कोपऱ्यात तो घुमतो, मोकळ्यावर पसरतो, पण हरवलेलं पोट काही परत आलं नाही. मग माझ्या स्वतःच्या कानांवर शंका आली. डॉक्टरांकडे जाऊन कान तपासून घेतले. ते म्हणाले, कान स्वच्छ आहेत. मग उरला नवरा. त्याला रात्रपाळी असते, दिवसा झोपायचं असतं. मी त्याला विचारलं, "तू अ‍ॅम्प्लिफायरचं काही फिरवतोस का मी नसताना?"

त्याने ताटावरून मान वर केली. "आता माझ्यावर पण?"

"विचारलं फक्त."

"त्या डब्यांना हात लावलाय का मी कधी? तूच काय ती रोज त्यांच्या मागं बसलेली असतेस."

तो जेवून उठला आणि झोपायला गेला. सासूबाईंनी त्याचं ताट उचललं. माझ्याकडे बघितलं आणि ताट घेऊन आत गेल्या.

उलगडा झाला तो ओढणीमुळे. एका संध्याकाळी मी वायर तपासायला स्पीकरच्या मागे वाकले होते, गाणं चालू होतं, आणि ओढणीचं टोक त्या गोल भोकासमोर लोंबत होतं. ते हललं नाही. दुकानात हलत होतं. मी भोकावर तळहात धरला. वारा नव्हता. मोबाइलचा उजेड आत टाकला तर आत कापड दिसलं, हिरव्या जमिनीवर पिवळी फुलं असलेलं. चिमट्याने ओढलं. एक चिंधी आली, मागून दुसरी, मग जुन्या लुगड्याचा एक घट्ट बोळा. दुसऱ्या स्पीकरमध्येही तेच. आतला वारा कोंडला की खालचा, जाडा आवाज मरतो. सगळं इतकं साधं होतं. आणि हिरव्यावर पिवळी फुलं असलेलं कापड खिडकीखालच्या अर्धवट गोधडीत मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

सासूबाई तेव्हा खाली भाजी आणायला गेल्या होत्या. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी भीती वाटली. इतके दिवस ज्या माणसाला मी रोज चहा देते ते माणूस माझ्या पाठीमागे हे करतं, आणि मी नवऱ्याशी भांडते तेव्हा गप्प बसतं. पोलादपूरला नेताना पुसायच्या निमित्ताने बोळा काढून घेतला होता, हे आता लक्षात आलं. मी गाणी ऐकते ते त्यांना खटकतं का? सुनेने कामावरून येऊन जमिनीवर बसून राहावं, हे? की आणखी काही? करणीच्या ज्या गोष्टी मी एरवी हसण्यावारी नेते, चिंध्या, बोळे, कुणी काय कुठे ठेवलं, त्यासुद्धा मनात येऊन गेल्या.

मी बोळे होते तसे परत कोंबले. ठरवलं, आधी बघायचं.

मग मी सासूबाईंवर पाळत ठेवली. चोरून त्यांच्याकडे बघत राहिले. सकाळी झाडू मारताना त्या स्पीकरच्या मागे बोट घालून बोळा जागेवर आहे ना ते बघायच्या. तो नीट बसवायला उलथण्याचा दांडा वापरायच्या. गाणं लावलं की त्या उठून जात नसत. त्यांच्या कपाळाला आठीही नसे. एकदा तर ओळ संपताना त्यांची मान हलली. म्हणजे गाण्याशी वैर नव्हतं. कुकरची शिट्टी कानाशी झाली तरी त्या दचकत नसत. खाली पोरं फटाके लावायची, तेही त्यांच्या गावी नसे. पण हायवेवरून एखादा भरलेला मोठा ट्रक गेला आणि खिडकीची काच बारीक थरथरली की त्यांची सुई थांबायची. पसरलेले पाय त्या जवळ घ्यायच्या आणि पायांचे दोन्ही तळवे फरशीला टेकवून बसायच्या. ट्रक लांब गेला की मग पुढचा टाका.

हे मी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि माझ्या मनातला संशय जागचा हलला. आता मला वाटू लागलं की आपल्याला माहीत नसलेलं या बाईजवळ काहीतरी आहे.

पुढच्या सुट्टीला दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि एक बोळा काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"आई, हे तुमचं ना?"

त्यांनी बोळ्याकडे बघितलं, मग दाराकडे. नवरा आत झोपला होता.

"माजंच हाय," त्या म्हणाल्या. "टाकून दे म्हणत असशील तर टाकते."

"तसं नाही. पण का? मला सांगायचं होतंत, मी बंद ठेवले असते."

"बंद कशाला? तुजी हौस हाय. गान्याला माजं काय नाय गो. गानं चांगलं असतं." त्यांनी फरशीवर तळवा ठेवला. "पन ते खालून येतं ना, घूं घूं करत, ते मला सोसवत नाय."

"कान दुखतात?"

"कानाला नाय. पायाला येतं."

मला कळलं नाही. त्या थोडा वेळ बोळा उलगडत राहिल्या, मग सांगू लागल्या. त्या पावसात दुपारी त्या पडवीत बसून भांडी घासत होत्या. पाऊस एवढा की शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि त्या पावसाच्या आवाजात त्यांच्या पायांच्या तळव्यांना जमिनीतून काहीतरी लागलं. आवाज म्हणावा तर कानाला काही नाही. घागरीतलं पाणी हलत होतं. शेजारीण तिच्या दारात उभी होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या, भात लावायलाही बरोबर. सासूबाईंनी तिला हात करून विचारलं, काय गो हे? ती ओरडून म्हणाली, वरच्या अंगाला गाडी चढत असंल. आणि ती आत गेली, चुलीवर काहीतरी होतं म्हणून.

"गाडी कुटून येनार वाडीत?" सासूबाई म्हणाल्या. "रस्ताच नव्हता. ते मला मागनं सुचलं. तवा मी पन म्हनलं, असंल गाडी. आनि भांडी घासत बसले. मग ते कानाला आलं. आलं तवा काय उरलंच नाय तिचं. घर नाय, दार नाय."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. बोळा हातातच होता.

"तू ते लावतेस ना, तर आधी माज्या पायाला येतं. मला कळतं हा डबा हाय, डोंगर नाय. डोक्याला कळतं. पायाला कोन सांगनार?"

दारात नवरा उभा होता. किती वेळ, कोण जाणे. तो म्हणाला, "आये, हे मला कधी बोलली नायस."

"तू कदी इचारलंस?" त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. तो येऊन आमच्याजवळ खाली बसला.

मी स्पीकर काढून टाकायला निघाले होते, ते सासूबाईंनीच अडवलं. म्हणाल्या, खालून येनार नाय असं काय करता येत असंल तर बघ. मग आम्ही तिघांनी मिळून ते केलं. स्पीकर जमिनीला चिकटून होते, तेही कोपऱ्यात, म्हणून जाडा आवाज फरशीत उतरत होता आणि भिंतीतून परत येत होता. नवऱ्याने दोन भक्कम लाकडी स्टुलं आणली. त्यांच्या पायांखाली आणि स्पीकरच्या बुडाखाली ट्यूबच्या रबराचे जाड तुकडे घातले. कोपरा सोडून स्पीकर पुढे घेतले. चिंध्या काढल्या आणि अ‍ॅम्प्लिफायरवर बेसचं बटण थोडं मागे फिरवलं. सासूबाई आपल्या जागेवर तळवे टेकून बसल्या आणि सांगू लागल्या.

"आता हाय."

नवऱ्याने रबराचा आणखी एक थर घातला.

"आता कमी हाय. त्या अंगाचा येतो अजून."

मी डावा स्पीकर खिडकीपासून आणखी दूर सरकवला.

"थांब. आता..." त्यांनी डोळे मिटले. "आता नाय."

आवाज वसतिगृहातल्यासारखा राहिला नाही, पण पोकळही नव्हता. डग्गा ऐकू येत होता, छातीपर्यंत पोचत नव्हता. मला तेवढं चालत होतं. सासूबाई मात्र लगेच विश्वास टाकणाऱ्यातल्या नाहीत. त्यानंतर बरेच दिवस मी गाणं लावलं की त्या आधी फरशीवर हात ठेवून बघायच्या, आणि मगच सुई उचलायच्या. पाऊस मोठा असला की स्पीकर बंद, हे न बोलता ठरून गेलं.

पोलादपूरच्या दुकानदाराला मी फोन करून सांगितलं की दोष स्पीकरमध्ये नव्हता. तो म्हणाला, "म्हंजे माल चांगला व्हता. तसं तोंडानं बोला ना."

"माल चांगला होता."

"मग काय व्हतं?"

मी म्हटलं, घरातली गोष्ट होती. त्याला ते पटलेलं नाही हे मला फोनवरसुद्धा कळत होतं. अजूनही रस्त्यात भेटला की तो माझ्याकडे जरा तिरपंच बघतो.

मागच्या महिन्यात सासूबाई गोधडी शिवता शिवता काहीतरी गुणगुणत होत्या. भात लावताना वाडीतल्या बाया म्हणायच्या त्यातलं. त्यांच्या नकळत मी मोबाइलवर ते रेकॉर्ड करून ठेवलं आणि संध्याकाळी स्पीकरवर लावलं. खोलीत त्यांचा आवाज भरला, थोडा चिरका, थोडा दमलेला, पण सूर पक्का. त्या हातातलं काम टाकून ऐकू लागल्या. आधी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोन बाय हाय ही?"

"तुम्हीच."

"गप. माजा आवाज असा नाय." त्या पुढे सरकल्या आणि मान वाकडी करून पुन्हा ऐकू लागल्या. "आमच्या अंगाची हाय ही. शब्द बराबर म्हनते. पन मी नाय."

मी कितीही सांगितलं तरी त्यांनी मानलं नाही. गाणं संपल्यावर मात्र म्हणाल्या, "तिला अजून येक म्हनायला सांग."